सुपरमॅनपुढची तीन कोडी

निळा पोशाख, पाठीवर लहरणारा लाल शेला आणि छातीवर 'एस' हे अक्षर एवढे वर्णन केले, की तुम्ही सुपरमॅनला लगेच ओळखाल. तो आकाशात उडतो, डोंगर उचलतो, परग्रहावरून आलेल्या शत्रूंना लोळवतो. अशा गड्याला कसली आली आहेत कोडी, असे तुम्ही म्हणाल. पण सुपरमॅनच्या अगदी सुरुवातीच्या चित्रकथा वाचल्या, तर निराळाच माणूस भेटतो.

जेरी सीगल हा लेखक आणि जो शुस्टर हा चित्रकार, असे हे दोन अमेरिकन मित्र. दोघेही तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी निर्माण केलेला सुपरमॅन जून १९३८च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' या मासिकाच्या पहिल्या अंकात अवतरला. १९२९ साली सुरू झालेल्या महामंदीतून अमेरिका अजून पुरती सावरली नव्हती. लाखो लोक बेकार होते. त्या वेळच्या सुपरमॅनला उडताही येत नसे. एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे २०० मीटर लांब उडी मारणे एवढीच त्याची झेप. आणि त्याचे शत्रू परग्रहावरचे नव्हते. मजुरांच्या जिवाशी खेळणारा खाणमालक, कोंदट झोपड्यांची वस्ती, बेफाम मोटार हाकणारा चालक यांच्याशी त्याचा सामना होता. दुबळ्यांचा कैवारी म्हणूनच त्याच्या निर्मात्यांनी त्याला जन्माला घातले होते.

गंमत अशी, की परग्रहावरच्या राक्षसाला ठोसा मारला की गोष्ट संपते. खाण, वस्ती आणि रस्ता यांचे तसे नाही. येथे ठोसा कोणाला मारायचा, हाच प्रश्न पडतो. या तीन कथांतील तीन कोडी आपण विज्ञानाच्या मदतीने सोडवू पाहू. ती पूर्ण सुटतात का, हे शेवटी तुम्हीच ठरवा.

पहिले कोडे : खाणीतला दिवा

ऑगस्ट १९३८च्या तिसऱ्या अंकात एका कोळशाच्या खाणीत दरड कोसळते आणि एक मजूर अडकतो. सुपरमॅन खाणकामगाराचा वेष घेऊन त्याला बाहेर काढतो. मजूर वाचतो, पण जन्माचा अधू होतो. खाणीत सुरक्षेची साधने नीट नाहीत आणि मालकाला त्याची फिकीर नाही, हेही सुपरमॅनला कळते. मग तो काय करतो? मालक आपल्या श्रीमंत पाहुण्यांना गंमत म्हणून खाण दाखवायला नेतो, तेव्हा सुपरमॅन मुद्दाम दरड पाडून त्या सर्वांना आत कोंडतो. जिवावर बेतल्यावर मालकाचे डोळे उघडतात. खाण सुरक्षित करण्याचे वचन तो देतो.

वाचताना बरे वाटते. पण विचार करा. पाहुण्यांचा गुन्हा काय होता? एकाला धडा शिकवण्यासाठी इतरांचे प्राण पणाला लावावे का? आणि समजा मालक सुधारला, तरी खाण सुरक्षित कशी करायची हे त्याला कोणी सांगायचे?

कोळशाच्या थरात मिथेन नावाचा वायू अडकलेला असतो. कोळसा फोडला की तो बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के झाले, की एखादी ठिणगीसुद्धा स्फोटाला पुरते. त्याहून कमी असेल तर जळायला वायू पुरेसा नसतो आणि फार जास्त असेल तर प्राणवायू अपुरा पडतो. दोनशे वर्षांपूर्वी मजूर मेणबत्त्या आणि उघडे दिवे घेऊन खाणीत उतरत. १८१२ साली इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत असाच स्फोट होऊन ९२ माणसे व मुले दगावली.

त्यानंतर १८१५ साली सर हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाकडे हा प्रश्न आला. त्याने शोधलेला उपाय इतका साधा आहे, की तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षक तो करून दाखवू शकतील. बुन्सेन ज्वालकावर तारेची बारीक जाळी धरा, वायू सोडा आणि जाळीच्या वरच्या बाजूने काडी लावा. ज्योत जाळीच्या वरच पेटते. जाळीखालीही तोच वायू असतो, पण तो पेटत नाही. असे का होते? धातू हा उष्णतेचा चांगला वाहक आहे. ज्योतीची उष्णता जाळी झटकन पसरवून टाकते. त्यामुळे पलीकडच्या वायूचे तापमान त्याच्या प्रज्वलनाच्या तापमानापर्यंत पोचत नाही. मिथेनच्या बाबतीत हे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअस असते. डेव्हीने दिव्याच्या ज्योतीभोवती अशी जाळी बसवली. हवा आत जाई, उजेड बाहेर येई, ज्योत मात्र जाळी ओलांडत नसे. शिवाय खाणीत मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी दिसे आणि मजूर सावध होत. डेव्हीने या दिव्याचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवा त्याने तो बनवावा, अशी त्याची इच्छा होती.

आता खरे कोडे पाहा. सुरक्षा दीप आल्यावर स्फोटांनी मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटायला हवी होती. तसे झाले नाही. वायू फार म्हणून ज्या खाणी बंद ठेवल्या होत्या, त्या मालकांनी नव्या दिव्याच्या भरवशावर उघडल्या. मजूर अधिक खोल, अधिक धोक्याच्या जागी जाऊ लागले. जाळी गंजली वा फाटली की दिवा निरुपयोगी होई. त्याचा उजेडही मंद. मजुरी खणलेल्या कोळशावर ठरत असल्याने मजुराला तो अडचणीचा वाटे. दिव्याने जेवढी सुरक्षितता दिली, तेवढा अधिक धोका पत्करून कोळसा काढला गेला.

मग डेव्हीने दिवा शोधायलाच नको होता का? तसे नव्हे. पण दिव्याबरोबर खेळती हवा हवी होती, जाळीची तपासणी हवी होती आणि किती वायू आढळला की काम थांबवायचे याचा नियम हवा होता. हे सारे येण्यास पुढे अनेक वर्षे लागली.

दुसरे कोडे : पाडलेली वस्ती

जानेवारी १९३९च्या आठव्या अंकात सुपरमॅनला काही मुले चोऱ्या करताना दिसतात. चौकशी केल्यावर त्याला वाटते, की दोष एकट्या मुलांचा नाही. ज्या गलिच्छ, अंधाऱ्या वस्तीत ती वाढतात, त्या वस्तीचा आहे. वादळाने एक शहर उद्ध्वस्त झाले तेव्हा सरकारने तेथे नवी घरे बांधून दिली, अशी बातमी तो वाचतो आणि एक अचाट बेत करतो. रहिवाशांना बाहेर पडायला सांगून तो सारी वस्ती स्वतःच्या हातांनी जमीनदोस्त करतो. त्याला अडवायला आलेल्या सैन्याच्या बाँबगोळ्यांनी ते काम आणखीच सोपे होते. शेवटी त्या जागी हवेशीर इमारती उभ्या राहतात.

घरे पाडल्यापासून नव्या इमारती उभ्या राहीपर्यंत ती कुटुंबे कोठे झोपली? त्या रात्रींचा हिशेब कथेत मांडलेला नाही. पण असा हिशेब प्रत्यक्षात करावा लागला होता, तोही आपल्या मुंबईत आणि सुपरमॅनच्या चाळीस वर्षे आधी.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. प्लेगचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे ठाऊक नव्हते. घाण, अंधार आणि कोंदट हवा यांतच रोग पोसतो, अशी बहुतेक अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून भिंतींना चुना फासला, गटारांत कार्बोलिक ओतले, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली, झोपड्या जाळल्या. १८९८ साली 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे हे तिचे एक मोठे काम होते. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातूनच झाले. समुद्रावरची हवा शहरात खेळावी, हा हेतू चांगलाच होता. परंतु जेवढ्यांची घरे गेली तेवढ्यांना नवी घरे लगेच मिळाली नाहीत. कामाच्या जागेपासून दूर जाणे मजुरांना परवडणारे नव्हते. ते शेजारच्या चाळींत शिरले. तेथील गर्दी वाढली आणि भाडीही.

आणि प्लेगचे काय? त्याच १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्रयोग करून दाखवले, की उंदरांच्या अंगावरच्या पिसवा प्लेग पसरवतात. प्रथम त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. पुढे १९०५ सालापासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईतच प्रयोग केले. त्यातला एक पाहा. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. काही पिंजरे उघड्या तारांचे होते. काहींना पिसू आत शिरू शकणार नाही इतकी बारीक धातूची जाळी होती. दोन्ही पिंजऱ्यांत हवा तीच, अंधार तोच, घाणही तीच. उघड्या पिंजऱ्यांतील प्राण्यांना प्लेग झाला, जाळीतल्यांना झाला नाही. फरक होता तो फक्त पिसवेचा. खाणीत ज्योतीला अडवणारी जाळी येथे पिसवेला अडवत होती, आणि त्यामुळे खरा गुन्हेगार सापडला.

प्लेगचे उंदीर मेले, की भुकेल्या पिसवा दुसरे शरीर शोधतात. घर पाडले तर त्यातले जिवंत उंदीर शेजारच्या घरात जातात आणि पिसवाही त्यांच्याबरोबर जातात. म्हणजे कारण कळण्यापूर्वी उगारलेला हातोडा रोगाला नवा पत्ता देऊ शकतो! अर्थात उजेड आणि मोकळी हवा निरर्थक आहेत, असे मुळीच नाही. क्षयासारखा हवेतून पसरणारा रोग कोंदट खोलीत फार फोफावतो. प्रश्न एवढाच, की कोणत्या रोगावर कोणता उपाय, आणि तो करताना माणसांचे काय.

मग कारण पूर्ण कळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे का? हाही पेच खरा आहे, कारण माणसे रोज मरत होती. वाल्डेमार हाफकिन यांनी या काळात मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पिसवेचा मार्ग त्यांनाही ठाऊक नव्हता. पण अपुऱ्या ज्ञानावर उपाय करताना पहिला धोका त्यांनी दुसऱ्याच्या अंगावर टाकला नाही.

तिसरे कोडे : रस्त्यावरचे युद्ध

मे १९३९च्या बाराव्या अंकात एका बेफाम चालकाच्या मोटारीखाली सुपरमॅनचा मित्र मरतो. सुपरमॅन नभोवाणी केंद्रात घुसून बेपर्वा चालकांविरुद्ध युद्ध पुकारतो. तो मोटारी मोडतो, हलक्या प्रतीचा धातू वापरणारा मोटारीचा कारखाना उद्ध्वस्त करतो आणि शहराच्या महापौराला उचलून शवागारात नेतो. अपघातात मेलेल्यांचे देह पाहून महापौर वाहतुकीचे नियम कडक करण्याचे कबूल करतो.

या कथेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. येथे सुपरमॅन एकट्या चालकाला पकडून थांबत नाही. चालक, कारखाना आणि कारभार या तिघांनाही तो जबाबदार धरतो. पण यांपैकी कोणाकडे प्रथम वळावे? थोडे गणित करू.

ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ८.३ मीटर जाते आणि ताशी ६० किलोमीटरची १६.७ मीटर. समजा रस्त्यावर अचानक एक मूल आले. ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चालकाला सुमारे एक सेकंद लागतो. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो, असे धरू. थांबण्यासाठी लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पहिली गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे ५ मीटरमध्ये थांबते, तर दुसरीला वेग दुप्पट असल्याने चौपट, म्हणजे सुमारे २० मीटर लागतात. एकूण अंतर पहिलीला १३.३ मीटर आणि दुसरीला साडेछत्तीस मीटर झाले.

आता ते मूल १४ मीटरवर उभे आहे असे समजा. पहिली गाडी त्याच्या पुढ्यात थांबेल. दुसऱ्या गाडीचा ब्रेक तेथे अजून लागलेलासुद्धा नसेल! ती पूर्ण वेगाने त्या मुलावर आदळेल. दोन्ही चालक तितकेच सावध आणि तितकेच चांगले असतील. एक सेकंदाचा प्रतिक्रियाकाल रागावून कमी होत नाही, आणि शवागार दाखवूनही नाही. कमी करता येतो तो वेग. म्हणून शाळेजवळ वेगाची मर्यादा आणि गतिरोधक असतात.

गाडीतल्या माणसासाठीही विज्ञानाने उपाय शोधला. गाडी आदळून थांबली तरी आतला माणूस जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे जातो. पट्टा त्याला गाडीबरोबर हळूहळू थांबवतो आणि धक्क्याचे बल छाती व कंबर यांच्या मजबूत हाडांवर वाटून देतो. खांदा आणि कंबर यांना एकत्र बांधणारा तीन बिंदूंचा पट्टा नील्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ साली व्होल्वो कंपनीसाठी तयार केला. कंपनीने इतर उत्पादकांनाही तो वापरू दिला. डेव्हीची आठवण झाली ना? १९७० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने पट्टा बांधण्याची सक्ती केली, तेव्हा आमच्या जिवाची काळजी आम्ही घेऊ, सरकार मध्ये पडणारे कोण, असा वादही झाला. सक्तीने पुष्कळ जीव वाचले. तरी एक प्रश्न उरतोच. पट्टा जपतो तो गाडीत बसलेल्याला. पायी चालणारा, सायकलवाला, हातगाडीवाला यांना कसला पट्टा? गाडी आतून जितकी सुरक्षित, तितकी ती बाहेरच्यालाही सुरक्षित असते असे नाही. दुबळा कोण, हे प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागते.

खाणीतून वर आलेली माणसे

अचाट शक्ती नसलेला माणूस अशा वेळी काय करू शकतो, याचे एक खरे उदाहरण आपल्या देशात आहे. नोव्हेंबर १९८९मध्ये पश्चिम बंगालमधील राणीगंज येथील महाबीर कोळसाखाणीत पाणी घुसले. बरेच कामगार बाहेर आले, काही बुडाले आणि ६५ जण खाली अडकले. जसवंतसिंग गिल या खाण अभियंत्याच्या कल्पनेने, ते जेथे होते तेथपर्यंत जमिनीतून एक अरुंद विवर पाडण्यात आले. एकच माणूस उभा राहू शकेल अशी पोलादी कुपी बनवून ती दोराने आत सोडायची, असा बेत ठरला.

पण कुपीत जागा एकाची, आणि वाट पाहणारे ६५. आधी कोणी यायचे? खाली झुंबड उडाली तर सारेच फसले असते. गिल स्वतः त्या कुपीतून खाली उतरले. आधी जखमी आणि आजारी, मग इतर, असा क्रम त्यांनी लावला. एकेक करून ६५ जण वर आले. गिल सर्वांत शेवटी आले.

आता शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठी एक काम सुचवतो. तुमच्या शाळेच्या किंवा गावाच्या परिसरातील धोक्याची एक जागा निवडा. कठडा नसलेली विहीर असेल, वळणावरचा रस्ता असेल, नाही तर पावसाळ्यात पाणी भरणारी वस्ती असेल. वर्गात तीन प्रश्न फळ्यावर लिहा. येथे हानी नेमकी कशामुळे होते? आपण सुचवलेल्या उपायाने धोका कमी होईल, की दुसऱ्या कोणाकडे सरकेल? आणि त्या उपायाची किंमत कोण मोजणार? पहिल्या प्रश्नासाठी मोजमाप आणि निरीक्षण लागेल. उरलेल्या दोहोंसाठी तेथे राहणाऱ्या, तेथून रोज जाणाऱ्या माणसांशी बोलावे लागेल. ते झाल्यावर मग ठरवा, त्या जागी सुपरमॅन आला तर तुम्ही त्याला कोणते काम सांगाल.